कमी तापाचं डांबर: फायदा कुठे, धोका कुठे?

इंग्लंडमध्ये मोठ्या रस्त्यांची कामं बहुतेक रात्री चालतात आणि सकाळी ऑफिसला निघेपर्यंत रस्ता मोकळा असतो. मी पडलो कॉम्प्युटरवाला, डांबरातलं मला काय कळणार! पण कुतूहलापोटी वाचायला लागलो आणि ‘वॉर्म मिक्स’ हे प्रकरण समोर आलं.

नेहमीच्या पद्धतीत खडी आणि डांबर साधारण १५० ते १८० अंश सेल्सियसला तापवून मिसळतात. वॉर्म मिक्समध्ये हेच काम २० ते ४० अंश कमी तापमानाला होतं. आता कमी तापलेलं डांबर घट्ट राहतं, खडीला नीट लपेटत नाही. म्हणून त्यात किंचित पाणी सोडून फेस करतात, नाहीतर खास मेण किंवा रसायन मिसळतात. १९९०च्या दशकात युरोपात याची सुरुवात झाली. इथल्या ‘नॅशनल हायवेज’ने २०२१ मध्ये आपल्या रस्त्यांसाठी हेच मिश्रण नेहमीचं म्हणून स्वीकारलं.

इंधन कमी जळतं, कार्बन कमी होतो. थर लवकर निवतो, त्यामुळे वाहतूक लवकर सुरू करता येते. पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो कामगारांचा फायदा. मे महिन्याच्या उन्हात, तोंडाला फडकं बांधून, वाफाळत्या डांबराशेजारी उभी असलेली आपल्याकडची माणसं आठवा. ताप कमी, तर धूरही कमी.

तोटेही आहेत. खडी कमी तापली की तिच्यातला ओलावा पूर्ण जात नाही. मग डांबराची पकड सुटते आणि पाणी मुरलं की खड्डे पडतात. कमी तापल्यामुळे डांबर सुरुवातीला जरा मऊ राहतं, त्यामुळे अवजड वाहनांनी चाकोऱ्या पडू शकतात. रसायनांचा, यंत्रांचा खर्च वेगळाच.

भारतीय रोड काँग्रेसनेही वॉर्म मिक्ससाठी मार्गदर्शिका काढली आहे. पण कोकणातल्या पावसात हा रस्ता टिकवायचा, तर खडी झाकून कोरडी ठेवणं, पकड वाढवायला चुन्याची पूड किंवा योग्य रसायन घालणं आणि रोलर वेळेत फिरवणं, यात कसूर चालणार नाही. वाचकांपैकी कुणी रस्तेबांधणीत असाल, तर आपल्याकडचा अनुभव जरूर कळवा.