नळीतली साखर

मंठ्यात सकाळी सातला उपाशीपोटी काढलेलं रक्त जालन्याच्या लॅबमध्ये दुपारी पोचलं, तर साखर कमी दिसू शकते. रुग्णाची साखर उतरलेली नसते. नळीतल्या रक्तपेशी जिवंत असतात आणि तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर खात राहतात. उन्हाळ्यात आणखी जास्त. म्हणून फ्लोराइड घातलेली, राखाडी बुचाची नळी वापरतात.

वैद्यकीय प्रयोगशाळांचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ १५१८९ (पहिली आवृत्ती २००३, सध्याची २०२२), त्यामुळेच फक्त यंत्रापाशी थांबत नाही. नमुना कोणी, कधी, कशात घेतला, तो कसा आणला, हेही विचारतं. त्यानुसार भारतात मानांकन ‘एनएबीएल’ देतं. ते बहुतांशी ऐच्छिक आहे आणि मला ते मनापासून खटकतं. मानांकनाचा खर्च छोट्या लॅबला जड जातो, हे खरं. पण मूल्य ठाऊक असलेला नियंत्रण-नमुना रोज लावणं, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसारख्या संस्थेकडून येणारे अनोळखी नमुने तपासून आपले आकडे इतरांशी ताडून पाहणं, हे तालुक्याच्या गावीही जमतं. पुढच्या वेळी रिपोर्ट हाती आला की नमुना घेतल्याची वेळ त्यावर आहे का, ते आधी पाहा.