लेथच्या पायाखालचा कागद

नवा लेथ बसवताना मिस्त्री पाणसळ घेऊन येतात, हे आयटीआयच्या किंवा तांत्रिक शाळेच्या विद्यार्थ्यांनी पाहिलेले असते. 'लेथ पातळीत हवा' हा नियमही त्यांना पाठ असतो. पण तो का हवा, असे विचारले तर उत्तरे निरनिराळी येतात. कोणी म्हणतो, तेल एका बाजूला साचेल. कोणी म्हणतो, यंत्र कलले तर जॉबही वाकडा होईल. पहिल्या उत्तरात थोडे तथ्य आहे. दुसरे मात्र तपासून पाहायला हवे, कारण मोठ्या जहाजांवरच्या दुरुस्ती-कार्यशाळेतही लेथ असतो. समुद्रात जहाज सतत डोलत असते. तिथे पातळी कुठली आणायची? तरीही त्या लेथवर कामे होतात.

मग पाणसळ लावायची कशासाठी? घरातल्या छोट्या कार्यशाळेत लेथचा स्टँड बसवायचा आहे, असे समजून या प्रश्नाचे उत्तर शोधू या.

कल आणि पीळ

लेथमध्ये जॉब चकमध्ये धरलेला असतो आणि स्पिंडलबरोबर फिरतो. त्याच्या खाली बिडाचा लांबट बेड असतो. बेडच्या वरच्या कडा घासून सरळ केलेल्या असतात आणि त्यांवरून सॅडल सरकते. सॅडलवर हत्यार बसवलेले असते. हत्याराचा मार्ग स्पिंडलच्या अक्षाला अगदी समांतर असेल, तर जॉब सर्वत्र सारख्या व्यासाचा होतो. तो समांतर नसेल, तर जॉब निमुळता होतो.

आता संपूर्ण लेथ एका बाजूला कलला असे समजू. स्पिंडल, बेड आणि हत्यार हे सारे एकत्रच कलतात. त्यांचे परस्परांशी असलेले नाते बदलत नाही, त्यामुळे जॉबही बिघडत नाही. पण बेडचे एक टोक एका बाजूला आणि दुसरे टोक दुसऱ्या बाजूला कलले तर? ओले फडके पिळताना आपण नेमके हेच करतो. अशा पीळ पडलेल्या बेडवरून हत्यार सरकू लागले की ते हळूहळू जॉबच्या जवळ तरी जाते किंवा दूर तरी. लेथचा खरा शत्रू हा पीळ आहे.

एवढ्या जाड बिडाला पीळ पडेल कसा, अशी शंका येणे साहजिक आहे. पण प्रत्येक घन पदार्थ थोडाफार लवचीक असतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजायला लागलो की बीडही रबरासारखे वागताना दिसते.

एका कागदाचा हिशेब

इंग्लंडमध्ये घरगुती कार्यशाळांची परंपरा जुनी आहे. तिथे 1940 च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आलेला 'मायफोर्ड एमएल 7' हा लेथ छंदिष्टांमध्ये फार लोकप्रिय झाला. बेडपासून त्याच्या स्पिंडलच्या अक्षाची उंची साडेतीन इंच, म्हणजे सुमारे 89 मि.मी. असते. तेवढ्याच आकाराचा लेथ आपल्यापुढे आहे आणि त्याच्या पुढच्या व मागच्या बोल्टमधले अंतर 150 मि.मी. आहे, असे धरू.

टेलस्टॉकच्या बाजूच्या एका पायाखाली वहीचा एक कागद राहिला. कागदाची जाडी साधारण 0.1 मि.मी. असते. (शंभर कागदांची चळत पट्टीने मोजून विद्यार्थ्यांना हे पडताळता येईल.) बोल्ट घट्ट आवळले आणि बेड पूर्णपणे पिळला गेला, तर

पिळाचा कोन = 0.1 ÷ 150 = 0.00067 रेडियन
हत्याराचे सरकणे = 89 × 0.00067 = सुमारे 0.06 मि.मी.

हत्यार त्रिज्येच्या दिशेने 0.06 मि.मी. सरकले, म्हणजे व्यासात 0.12 मि.मी. फरक पडला. प्रत्यक्षात स्टँडही थोडा वाकतो, त्यामुळे पीळ याहून कमी पडेल. पण 25 मि.मी. व्यासाच्या शाफ्टवर बॉल-बेअरिंग नीट बसवायचे, तर व्यासातली चूक बहुधा 0.013 मि.मी.च्या आतच ठेवावी लागते. कागदाने केलेली चूक याच्या नऊपट आहे. तो शाफ्ट भंगारातच जाणार.

तीन दगडांची चूल

आपल्याकडे चूल तीन दगडांची मांडतात. जमीन कितीही उंचसखल असो, तीन दगडांवर भांडे डुगडुगत नाही. तिवईचेही तसेच. उलट चार पायांचा चौरंग फरशीवर हमखास डुगडुगतो. कारण भूमितीतले आहे. एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एक आणि एकच प्रतल जाते. चौथा बिंदू त्याच प्रतलात असेलच असे नाही. वैज्ञानिक उपकरणांना नेमके किती ठिकाणी आधार द्यावेत, याची चर्चा जेम्स क्लार्क मॅक्सवेलने 1876 मध्ये केली होती. आधार गरजेपेक्षा जास्त झाले की वस्तूवर उगाच ताण येतो, हे त्यातले सूत्र.

डुगडुगणारा चौरंग निदान आपला दोष उघड दाखवतो. लेथ तसे करत नाही. आपण पान्याने चौथा बोल्ट आवळतो, पाय खाली ओढला जातो, डुगडुगणे थांबते आणि दोष पीळ बनून बेडमध्ये लपतो.

मग लेथ तीन पायांवरच का ठेवू नये? काही लहान यंत्रे तशी बसवतातही. परंतु लेथ जड असतो आणि त्याचा गुरुत्वमध्य बराच वर असतो. गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा पायांनी बनलेल्या त्रिकोणाबाहेर गेला की यंत्र उलटते, आणि त्रिकोण चौकोनापेक्षा लहान असतो. शिवाय वेडावाकडा जॉब फिरताना हादरे बसतात. म्हणून बहुतेक लेथना चार किंवा अधिक आधार देतात आणि पीळ काढण्याचे काम माणसावर येते.

पाणसळीचे खरे काम

बेडच्या दोन टोकांचा कल सारखा आहे का, हे ताडून पाहायला दोन्हीकडे तीच राहणारी एक संदर्भ-दिशा लागते. गुरुत्वाकर्षण ती फुकट पुरवते. पाणसळीचे खरे काम एवढेच.

पाणसळ बेडवर आडवी ठेवावी, आधी हेडस्टॉकजवळ आणि मग टेलस्टॉकच्या टोकाला. दोन्ही वेळा तिचे तेच टोक आपल्याकडे असावे. बुडबुडा दोन्ही ठिकाणी एकाच रेघेवर थांबला तर पीळ नाही. ती रेघ मधलीच असली पाहिजे असे नाही. (जहाजावर बुडबुडा उपयोगी पडत नाही, तिथे शेवटी सांगितलेली कापून पाहण्याची चाचणीच खरी.)

मात्र गवंड्याची पाणसळ इथे पुरत नाही. तिच्यात साधारणपणे मीटरला अर्धा ते एक मि.मी. एवढाच कल कळतो. यंत्रांसाठीच्या पाणसळीत एका रेघेला मीटरमागे 0.02 मि.मी. कल दिसतो. तिची काचनळी किंचित कमानदार असते. रेघांमधले अंतर 2 मि.मी. धरले, तर कमानीची त्रिज्या 2 ÷ 0.00002, म्हणजे 1,00,000 मि.मी. किंवा 100 मीटर येते! नळी हाताने धरली तरी उष्णतेने बुडबुडा सरकतो. म्हणून ती ठेवून थोडे थांबावे.

प्रत्यक्ष कृती

1. स्टँड आधी जमिनीवर घट्ट बसवावा. सिमेंटची जमीन उत्तम. लाकडी टेबल पावसाळ्यात फुगते आणि हिवाळ्यात आकसते, तेव्हा ते वापरल्यास ऋतू बदलला की पुन्हा तपासावे.
2. हेडस्टॉककडचे दोन बोल्ट आवळावेत. टेलस्टॉककडचे ढिले ठेवावेत.
3. ढिल्या पायांखाली फट आहे का, हे फीलर गेजने पाहावे आणि तेवढ्याच जाडीची पत्र्याची पट्टी सरकवावी. कागद दाबला जातो, म्हणून तो नको.
4. बुडबुड्यावर नजर ठेवून बोल्ट आवळावेत. आवळताना बुडबुडा हलला, तर बोल्ट बेडला पिळतो आहे असे समजावे आणि पट्टी बदलावी.
5. शेवटी जॉब कापून पाहावा. सुमारे 40 मि.मी. जाडीची सळई चकमध्ये धरून 150 मि.मी. बाहेर ठेवावी. टेलस्टॉकचा आधार देऊ नये. दोन टोकांना दोन कडी ठेवून मधला भाग थोडा कमी करावा. मग हत्याराची जागा न बदलता दोन्ही कड्यांवरून अगदी हलका काप घ्यावा आणि मायक्रोमीटरने व्यास मोजावेत. बाहेरच्या कड्याचा व्यास मोठा आला, तर टेलस्टॉककडचा पुढचा पाय किंचित उचलावा, म्हणजे हत्यार जॉबकडे झुकते. व्यास लहान आला तर मागचा पाय उचलावा.

ही अखेरची चाचणी पाणसळीपेक्षा अधिक बोलकी आहे. हेडस्टॉकच तिरका असेल तर पाणसळ ते सांगणार नाही, जॉब सांगेल. पण सळई बारीक घेतली तर तीच हत्यारापासून दूर वाकते आणि आपण लेथला उगाच दोष देतो. म्हणून जाड सळई आणि हलका काप.

वर्गात करून पाहा

बुटांचे रिकामे खोके घ्या. झाकण काढून ते दोन्ही हातांनी पिळा; सहज पिळले जाईल. आता झाकण चारी बाजूंनी चिकटवून पुन्हा पिळून पाहा. पुठ्ठ्यात भर फारशी पडली नाही, पण खोके एकदम ताठ झाले. बंद पेटी पिळाला उघड्या पेटीपेक्षा कितीतरी अधिक विरोध करते. चार सुटे पाय जोडलेल्या स्टँडपेक्षा सर्व बाजूंनी पत्रा जोडलेला पेटीसारखा स्टँड का चांगला, हे यावरून विद्यार्थी स्वतःच सांगतील.

शाळेत लेथ असेल, तर पाचव्या कृतीतली चाचणी वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी आणि व्यास वहीत टिपून ठेवावेत. दोन-तीन वर्षांच्या नोंदी जमल्या की आपल्या कार्यशाळेची जमीन स्थिर आहे की खचते आहे, हेही त्या आकड्यांतून कळू लागेल.