निवडुंगालाही जागा लागते

वाचकहो, फड्या निवडुंगाची ओळख करून देण्याची गरज नाही. गावाबाहेरच्या पडीक जागेत, शेताच्या बांधावर, ओढ्याच्या काठाला तो कोणी न लावता वाढतो. त्याची लाल बोंडे खाताना बोटांत कुसळे घुसल्याची आठवण आपल्यापैकी अनेकांना असेल. असल्या झाडाला वाचविण्यासाठी एखादे सरकार कायदा लावते असे सांगितले तर घरातली मुलेसुद्धा हसतील. पण हे खरे आहे, आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

निवडुंग मूळचा आपला नव्हे, तो अमेरिकेकडचा. परदेशी लोकांबरोबर तो भारतात आला. येथे त्याला खाणारे किडे नव्हते, त्यामुळे तो रानोमाळ पसरला. दक्षिण भारतात तर त्याला आवरण्यासाठी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात श्रीलंकेहून खास किडा आणून सोडावा लागला. आपल्याकडे तो डोईजड झाला. त्याच्या मूळ मुलखात मात्र त्याची काही भावंडे संपत चालली आहेत. त्यांपैकीच एक बेकर्सफिल्डचा निवडुंग.

कोठे राहतो, कसा जगतो?

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात कर्न नावाची काउंटी, म्हणजे आपल्या भाषेत जिल्हा आहे. बेकर्सफिल्ड हे तेथील मुख्य शहर. वर्षाचा पाऊस जेमतेम सोळा सेंटिमीटर, आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो. या शहराच्या आसपासची वाळूची जमीन, ओढ्यांच्या पुराची मैदाने आणि बुटक्या टेकड्या एवढाच या निवडुंगाचा मुलूख. जगात दुसरीकडे तो रानात सापडत नाही. १८९६ साली शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिले.

तो जमिनीलगत पसरतो. त्याच्या जवळच्या भाईबंदांना नुसती बारीक कुसळे असतात. याला कुसळांबरोबर लांब काटेही असतात. वसंतात त्याला गडद गुलाबी फुले येतात. दिवसा उन्हात पाणी उडून जाऊ नये म्हणून तो आपली सूक्ष्म छिद्रे मिटून घेतो आणि रात्रीच्या गारव्यात उघडून हवा आत घेतो. एखादा फडा तुटून वाळूत पडला, की त्याला मुळे फुटतात. पुराच्या पाण्याबरोबर वाहत गेलेला फडाही दुसरीकडे रुजतो. तहान सोसण्यात त्याचा हात धरणारे कोणी नाही.

मग तो संपत का चालला?

नांगर, तेल आणि परके गवत

एके काळी शहराच्या पूर्वेला या निवडुंगाचे विस्तीर्ण ताटवे होते. पुढे जमिनी लागवडीखाली आल्या. तेलाच्या विहिरी, रस्ते, वसाहती झाल्या. वाळू उपसली गेली. ताटव्यांची बेटे झाली आणि एका बेटाचा दुसऱ्याशी संबंध तुटला.

जी बेटे उरली त्यांना दुसरा शत्रू भेटला. भूमध्य समुद्राकडून आलेली गवते तेथे दाट माजली. या गवताखाली ओल धरून राहते, त्याने निवडुंग कुजतो. गवत वाळले की वणव्याला सरपण होते. तहान सोसणाऱ्या झाडाला आग सोसत नाही. आपल्याकडे परका निवडुंग माजला, तेथे परक्या गवताने निवडुंगाला घेरले. दोष झाडाचा नाही, गवताचाही नाही. माणूस एका ठिकाणचे उचलून दुसरीकडे नेतो आणि परिणामांचा विचार करीत नाही.

कोणी विचारील, माणसाच्या पोटापुढे निवडुंगाचे काय? प्रश्न रास्त आहे. याच कर्न काउंटीतील डिलानो गावी १९६५ साली द्राक्षमळ्यांतील फिलिपिनो आणि मेक्सिकन मजुरांनी मजुरीसाठी संप केला. तो पाच वर्षे चालला. तेथील शेतीवर कष्टकऱ्यांची पोटे चालतात हे आम्ही विसरत नाही. पण उरलेली बेटे राखल्याने मजुराच्या ताटातली भाकरी जाईल असे आम्हाला वाटत नाही.

नाव यादीत, पाय परक्या जमिनीत

१९९० साली राज्य सरकारने आणि केंद्र सरकारने या निवडुंगाचे नाव संकटग्रस्त जातींच्या यादीत घातले. १९९८ साली त्या खोऱ्यातील चौतीस जातींसाठी एकत्र आराखडा झाला, त्यातही तो आहे. पण त्याच्या बऱ्याचशा जागा खासगी मालकीच्या आहेत. अमेरिकेच्या १९७३ च्या केंद्रीय कायद्यात वनस्पतीला प्राण्याइतके संरक्षण नाही. खासगी जमिनीवर संकटग्रस्त कोल्हा मारणे हा गुन्हा. तेथेच निवडुंग उपटला तर राज्याचा कायदा मोडल्याशिवाय केंद्राचा कायदा सहसा आड येत नाही. कचेरीत काम करणाऱ्या आम्हा मंडळींना हे चांगले ठाऊक आहे, की यादीत नाव चढणे आणि पदरात काही पडणे यांत अंतर असते.

मग उपाय निघतो तो हलविण्याचा. फडा कोठेही रुजतो, तेव्हा येथून काढा आणि तेथे लावा! तज्ज्ञांनी काही ठिकाणी राखीव जमिनीत अशी लागवड केलीही आहे. बुलडोझरखाली जाणारे झाड उचलून वाचविणे चांगलेच. पण तुटक्या फड्यापासून झालेली दहा झुडपे म्हणजे एकाच झाडाच्या दहा नकला. एका रोगाने सगळी जातील. वाण टिकायचे तर फुले, परागकण नेणाऱ्या रानमाश्या आणि बियांपासून उगवलेली रोपे हवीत. अशी रोपे मुळातच क्वचित दिसतात. रानमाश्यांतल्या काही जमिनीतच बिळे करून राहतात. त्यांची जमीन टोपलीत भरून नेता येत नाही. म्हणून बेकर्सफिल्डजवळच्या सँड रिजसारख्या जागा राखून ठेवणे आणि तेथील गवत आटोक्यात आणणे, हेच खरे काम आहे.

पुनर्वसन म्हणजे काय, हे धरणात गाव गेलेल्या आपल्याकडच्या माणसांना विचारावे. घरे मिळाली तरी गावपण मिळत नाही. जो काटक असतो त्याला कोठेही टाकले तरी चालते, असे लोक सहज धरून चालतात. निवडुंगाची ही कथा मुलांना सांगताना एवढे जरूर सांगावे, की काटकपणा हा सोसणाऱ्याचा गुण आहे. त्याची जागा काढून घेण्याचा तो परवाना नव्हे.