डोंगा, जाळे आणि मत्स्यशोधक यंत्र

चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे सर्वत्र परिचित आहेत ते त्यांच्या वनसंपत्तीमुळे. परंतु या वनांच्या कुशीत पाण्याचेही मोठे धन आहे. चपराळ्याजवळ वर्धा व वैनगंगा यांचा संगम होऊन प्राणहिता निर्माण होते आणि ती सिरोंचाजवळ गोदावरीस मिळते. भामरागड येथे इंद्रावती, पर्लकोटा व पामुलगौतम या नद्या एकत्र येतात. याखेरीज गोंड राजवटीपासून बांधले गेलेले मालगुजारी तलाव गावोगावी आहेत. आसोलामेंढा, घोडाझरी यांसारखे इंग्रजी अमदानीतील मोठे तलावही आहेत. या पाण्यावर ढिवर, भोई, केवट आदी समाजांचा पिढ्यान् पिढ्या चरितार्थ चालत आला आहे. डोंगा, गळ आणि जाळे ही त्यांची परंपरागत साधने होत. आता त्यांच्या जोडीला हातात मावणारी मत्स्यशोधक यंत्रे व वजनाने हलकी साधने बाजारात आली आहेत. त्यांचा आपल्या भागात कितपत उपयोग आहे, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

ध्वनीने घेतलेला ठाव

मत्स्यशोधक यंत्राचे तत्त्व सोपे आहे. डोंगरकड्यासमोर हाक मारली असता ती परत ऐकू येते, तसेच हे आहे. यंत्र मानवी कानास ऐकू न येणारा ध्वनी पाण्यात सोडते व त्याचा प्रतिध्वनी टिपते. गोड्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे १,४८० मीटर असतो. १० मीटर खोल डोहाच्या तळाशी जाऊन परत येण्यास त्याला सेकंदाच्या सत्तराव्या हिश्श्याहूनही कमी वेळ लागतो. या वेळेवरून यंत्र खोली काढते. बहुतेक माशांच्या पोटात हवेची पिशवी असते. पाणी व हवा यांच्या सीमेवरून ध्वनी जोराने परततो. म्हणून मासा यंत्राच्या पडद्यावर दिसतो.

असे यंत्र १९४८ साली जपानमध्ये प्रथम व्यापारी स्वरूपात विक्रीस आले. त्या काळी ते समुद्रावरील नौकांसाठी होते. आज चेंडूएवढे यंत्र दोरीस बांधून पाण्यात सोडता येते व त्यातील चित्र मोबाइलवर पाहता येते. अशी अनेक यंत्रे स्वतःचेच बिनतारी जाळे निर्माण करीत असल्याने मोबाइल मनोरा नसलेल्या भागातही ती चालतात.

तलाव वेगळा, डोह वेगळा

तथापि यंत्राच्या मर्यादाही जाणून घेतल्या पाहिजेत. ध्वनीचा झोत शंकूसारखा पसरतो. झोताचा कोन २० अंश असल्यास ३ मीटर खोलीवर यंत्रास जेमतेम १ मीटर रुंदीचे वर्तुळ दिसते. १० मीटर खोलीवर ते साडेतीन मीटर होते. गावच्या उथळ, पाणवनस्पतींनी भरलेल्या तलावात त्याचा फारसा उपयोग नाही. तेथे ढिवरांची नजरच अधिक विश्वासार्ह ठरते. मरळ व मागूर हे मासे हवेतील प्राणवायू घेण्यासाठी पृष्ठभागावर येतात. त्यांचे बुडबुडे, तसेच मरळीच्या तांबूस पिलांचा थवा पाहून जाणता माणूस खाली काय आहे ते ओळखतो. मासा कोणत्या जातीचा हे साधे यंत्र खात्रीने सांगू शकत नाही.

मोठे जलाशय व नद्यांचे डोह यांची गोष्ट निराळी. तेथे खोली, तळाचा उतार आणि बुडालेली झाडे यंत्रामुळे समजतात. जाळे अडकून फाटण्याचा धोका टळतो व व्यर्थ फेऱ्या वाचतात.

परंतु येथेच मोठा धोकाही आहे. उन्हाळ्यात नदीचे पात्र आटले की मासे डोहांत आश्रय घेतात. पावसाळ्यात त्यांच्यापासूनच पुढील पिढी निर्माण होते. यंत्राच्या साहाय्याने हे डोह शोधून उपसले, तर एका हंगामाच्या लाभासाठी पुढील अनेक हंगामांचे बियाणेच नष्ट होईल. मासा कोठे आहे हे यंत्र सांगते. किती मासा राखावा हे माणसानेच ठरवावयाचे असते.

ओझे हलके, जबाबदारी मोठी

पूर्वीची सुती व तागाची जाळी भिजली की जड होत आणि लवकर कुजत. नायलॉनच्या तंगूस जाळ्यांमुळे हा त्रास संपला. मैलभर जंगलवाट तुडवून तलावावर जाणाऱ्यास हलके जाळे हे वरदानच होय. मात्र न कुजणे हा या धाग्याचा गुण तसाच दोषही आहे. पाण्यात टाकून दिलेले फाटके जाळे दीर्घकाळ मासे मारीतच राहते. म्हणून फाटकी जाळी गोळा करून परत आणणे आणि लहान मासे निसटतील अशी मोठी आस वापरणे, हे दोन नियम प्रत्येक मच्छीमार सहकारी संस्थेने करावेत.

पहिले साधन कोणते?

जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातील गणपूर येथून मिरची तोडणीसाठी वैनगंगा ओलांडणाऱ्या महिलांची नाव उलटली व सहा जणींना जीव गमवावा लागला. ही नाव मासेमारीची नव्हती. परंतु नदी तीच आणि धोकाही तोच. एकाच खोडातून कोरलेला अरुंद डोंगा तोल गेल्यास क्षणात उलटतो. फुगवलेल्या ट्यूबवर बसून जाळे टाकणाऱ्याची अवस्था याहून नाजूक असते. म्हणून खरेदीच्या यादीत मत्स्यशोधक यंत्राच्या आधी जीवरक्षक जाकीट असले पाहिजे. तेही हलकेच साधन आहे आणि त्याला विजेची गरज नाही.

ग्रामसभेचे कार्य

२००६ च्या वनहक्क कायद्याने पाणवठ्यांतील मासळीवरील सामूहिक हक्कास मान्यता दिली आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा गावास २००९ साली सामूहिक वनहक्क प्राप्त झाले, हे सर्वज्ञात आहे. हक्काबरोबर राखणही आली. राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांतील पाण्यास वन्यजीव संरक्षणाचे निर्बंध लागू आहेत, याचाही विसर पडू नये. विष किंवा सुरुंग वापरून मासे मारणे तर १८९७ च्या कायद्यापासूनच गुन्हा आहे.

एखाद्या संस्थेने यंत्र घेतलेच, तर त्याचा पहिला उपयोग गावच्या डोहांची खोली मोजून नोंदवही तयार करण्यासाठी करावा. कोणता डोह उन्हाळ्यात राखावयाचा, हे ग्रामसभेने त्या नोंदींवरून व वडीलधाऱ्या ढिवरांच्या सल्ल्याने ठरवावे. शिक्षकांनी या मोजणीत विद्यार्थ्यांना सामील करून घेतल्यास प्रतिध्वनीचा पाठ त्यांना नदीकाठीच शिकता येईल. राखलेल्या डोहातील मासा पावसाच्या पहिल्या पुरात बाहेर पडेल, तेव्हा त्याचा लाभ केवळ एका गावास नव्हे, तर नदीकाठच्या साऱ्याच गावांस मिळेल.