चाळीतले मैल, पडद्यापुढची खुर्ची

नाशिककराला साठवायला शिकवावं लागत नाही. उन्हाळ कांदा चाळीत, बेदाणे डब्यात आणि हल्ली विमानप्रवासावर बक्षीस मिळणारे मैल मोबाइलमध्ये. गोची एवढीच, की चाळीतल्या कांद्याला भाव चढेल अशी निदान आशा तरी असते. मैलांच्या नशिबी फक्त घट. म्हणून ते वेळेत काढावेत, आणि काढायचेच तर विमानातल्या पडद्यापुढच्या, म्हणजे बिझनेस क्लासच्या, रुंद खुर्चीसाठी काढावेत. का, ते सांगणाऱ्या या काही गमती. बोर्डिंगच्या रांगेत उभ्या उभ्या वाचून होतील.

आधी मिग, मग आपण

नागपूरच्या विमानतळाचा कोड 'एनएजी'. सरळ, सोपा. नाशिकच्या वाट्याला आला 'आयएसके', नावातला 'ना'च गायब! ओझरची, म्हणजे नाशिक विमानतळाची, धावपट्टी मुळात आपल्यासाठी नव्हतीच. १९६४ मध्ये इथे एचएएलचा मिग विमानांचा कारखाना आला, पुढे सुखोई आली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये इथेच बांधलेलं तेजस मार्क-१ए आकाशात गेलं. प्रवाशांसाठीचं टर्मिनल उजाडलं ते थेट २०१४ मध्ये. बिझनेस क्लासच्या मोठ्या खुर्चीसाठी नाशिककराला आजही बहुधा मुंबईच गाठावी लागते. वाटेतल्या कसारा घाटाचा हिशेब पुढे येईलच.

ज्याला-त्याला खिडकी

डिसेंबर २०१७ मध्ये उडान योजनेखाली एअर डेक्कनचं १९ आसनांचं बीचक्राफ्ट ओझरला उतरू लागलं. या विमानात मधल्या वाटेच्या डावीकडे एक खुर्ची, उजवीकडे एक. म्हणजे जवळजवळ प्रत्येक खुर्ची खिडकीचीही आणि वाटेकडचीही! देशांतर्गत बिझनेस क्लासात साधारणपणे दोन-दोनच्या जोड्या असतात, त्यामुळे तिथे निम्म्या लोकांना खिडकी नसतेच. सेवा काही टिकली नाही. पण त्या वर्गाला नाव नसलं, तरी खिडकीच्या बाबतीत नाशिककरानं बिझनेस क्लासवर मात केली होती, एवढं समाधान घ्यायला हरकत नाही.

आधी मेल, मग मैल

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या पस मॉथ विमानात टपालाच्या थैल्या होत्या. मेल होती, मैल नव्हते. विमानप्रवासाचे मैल मोजून त्याची बक्षिशी देण्याची टूम खऱ्या अर्थानं रुजली ती जवळपास पन्नास वर्षांनी. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सनं 'एअॅडव्हांटेज' योजना आणली आणि काही दिवसांतच युनायटेडनं तिची री ओढली. तेव्हा हिशेब सरळ होता: जितकं अंतर उडाल, तितके मैल. त्या मापानं मुंबई-दिल्लीचे सुमारे ७०० मैल झाले असते, नाशिक-मुंबईचे जेमतेम १००. आता अनेक कंपन्या अंतर मोजत नाहीत, तिकिटावर किती पैसे सोडलेत ते मोजतात. नाव मैल, माप रुपयाचं.

पुडिंगवाला

१९९९ मध्ये अमेरिकेत डेव्हिड फिलिप्स नावाच्या इंजिनीअरनं एका खाद्यकंपनीची जाहिरात नीट वाचली. पाकिटावरचे बारकोड पाठवा, मैल मिळवा. त्यानं दुकानंच्या दुकानं पालथी घालून १२,१५० पुडिंगचे डबे उचलले. खर्च सुमारे ३,१४० डॉलर, कमाई साडेबारा लाखांवर मैल. एवढे बारकोड सोलणार कोण? त्यानं पुडिंग एका धर्मादाय संस्थेला दान केलं आणि तिथल्या स्वयंसेवकांनी बारकोड काढून दिले. पुण्य मिळालं, मैलही मिळाले. एका हातानं अन्नदान, दुसऱ्या हातानं तिकीट!

विमान गेलं, मैल राहिले

किंगफिशर २०१२ मध्ये जमिनीवर आली, तेव्हा 'किंग क्लब'मध्ये साठवलेले पॉइंट तिच्याबरोबरच बुडाले. जेटचं उलटं झालं. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेजचं शेवटचं उड्डाण झालं, पण तिची जेटप्रिव्हिलेज योजना वेगळी कंपनी होती. त्याच वर्षी तिनं 'इंटरमाइल्स' असं नवं नाव घेतलं आणि लोक ते मैल दुसऱ्या कंपन्यांच्या तिकिटांवर, हॉटेलांवर खर्च करत राहिले. दुकान बंद, उधारीची वही मात्र चालू.

चाळ वाड्याहून महाग

२०२० च्या करोनाकाळात विमानं उभी होती. युनायटेडला कर्ज हवं होतं. तिनं गहाण काय ठेवलं? विमानं नव्हे, मैलांची योजना. त्या योजनेची किंमत कंपनीनं सुमारे २२ अब्ज डॉलर सांगितली. गंमत अशी, की शेअरबाजारात त्या वेळी अख्ख्या कंपनीची किंमत त्याहून कमी होती. हे असं होतं, कारण बँका कार्डधारकांना वाटण्यासाठी विमान कंपन्यांकडून मैल ठोकानं विकत घेतात. मैल छापायला कंपनीला खर्च फारसा येत नाही, आणि एका मैलात काय मिळणार हेही तीच ठरवते. आपण कांदा विकतो तेव्हा भाव व्यापारी ठरवतो, इथे तर वजनकाटाही त्याचाच.

महाराजा ऐंशीचा

एअर इंडियाचा वाकून नमस्कार करणारा मिशाळ महाराजा १९४६ चा. कल्पना बॉबी कूका यांची, चित्र उमेश राव यांचं. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तिचे सदस्यही इकडे आले, आणि २०२५ मध्ये 'फ्लाइंग रिटर्न्स' या जुन्या योजनेचं नाव झालं 'महाराजा क्लब'. म्हणजे संस्थानं गेली, तनखे गेले, पण पॉइंट साठवणाऱ्या प्रत्येकाला महाराजा म्हणायची सोय झाली.

अठराचा मुहूर्त

विस्ताराच्या विलीनीकरणाला दोन दिवस होतात न होतात, तोच १४ नोव्हेंबर २०२४ ला इंडिगोनं दिल्ली-मुंबई मार्गावर 'स्ट्रेच' नावाच्या बिझनेस खुर्च्या सुरू केल्या. एका विमानात १२. 'आमच्याकडे सगळे सारखे' म्हणत मोठी झालेली कंपनी पडदा लावू लागली! घोषणा कंपनीच्या अठराव्या वाढदिवसाची, म्हणून सुरुवातीचं भाडं ठेवलं १८,०१८ रुपये. 'ब्लूचिप' ही मैलयोजनाही त्याच वर्षीची.

विसात एक

विस्तारानं वापरलेल्या ए३२० निओ विमानाची मांडणी पाहा: ८ बिझनेस, २४ प्रीमियम इकॉनॉमी, १३२ इकॉनॉमी. एकूण १६४. म्हणजे पडद्यापुढे साधारण विसात एक. त्या आठांतल्याही सगळ्या खुर्च्या मैलांवर मिळत नाहीत. ज्या रोखीनं खपतील असं वाटतं, त्या कंपनी राखून ठेवते. म्हणून सोमवारी सकाळी किंवा शुक्रवारी संध्याकाळी, सुटाबुटातली गर्दी असताना, मैल घेऊन जाऊ नये. मंगळवार-बुधवारची दुपार आपली. दिवाळीचं तिकीट हवं असेल, तर गणपतीत बघायला लागावं.

फुकट म्हणजे किती फुकट?

मैलांवरचं तिकीट साधारणपणे शून्य रुपयांत येत नाही. मूळ भाडं मैलांतून जातं, विमानतळाचे आकार आणि कर बहुधा रोख भरावे लागतात. रोखीच्या तिकिटाची गोष्ट तर आणखी वेगळी. इकॉनॉमीवर जीएसटी ५ टक्के, पण वरच्या वर्गांवर तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ चा १८ टक्के झाला. रोखीची मोठी खुर्ची महागली, म्हणून मैलांवरची तेवढीच गोड झाली.

मिक्सर घेऊ नका

आता पाटी-पेन्सिल काढा. आकडे मानलेले आहेत, रीत खरी आहे. समजा, बिझनेसचं तिकीट रोखीनं २२,००० रुपये. तेच मैलांवर १४,००० मैल आणि वर ३,००० रुपये. वाचले १९,००० रुपये. त्याला १४,०००नं भागा, एका मैलाचे आले सुमारे १ रुपया ३६ पैसे. इकॉनॉमीचं तिकीट ६,००० रुपये, किंवा ५,००० मैल आणि १,००० रुपये. इथे मैलाला रुपया. आणि कार्डाच्या कॅटलॉगमधला मिक्सर? तिथे एका पॉइंटला अनेकदा चार-आठ आणेच सुटतात. चटणी महागात पडते.

पण एक खोच आहे. ती खुर्ची तुम्ही २२,००० देऊन कधी घेतलीच नसती, तर १९,००० 'वाचले' म्हणणं ही मनाची समजूत. खरा प्रश्न असा विचारावा: इकॉनॉमीपेक्षा जे ९,००० मैल जास्त गेले आणि वर २,००० रुपये जास्त मोजले, त्यांत दोन तासांची ऐसपैस बैठक, लाउंज आणि जादा सामान हा सौदा मला पटतो का? आईचे गुडघे दुखत असतील, तर पटतो. एकट्यानं डुलकी काढत जायचं असेल, तर मैल तिच्यासाठी ठेवावेत.

लासलगाव आणि बंद पाकीट

मैल कमी असतील तर तिसरा रस्ता: बोली. इकॉनॉमीचं तिकीट काढायचं आणि वरच्या वर्गासाठी 'मी इतके देतो' असं कळवायचं. एअर इंडियासह अनेक कंपन्यांत ही सोय आहे. आता लिलाव नाशिक जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. पण लासलगावच्या कांदा बाजारात ट्रॅक्टरभोवती व्यापारी उभे असतात, बोली कानावर पडते, शेजारच्या ट्रॉलीला काय भाव फुटला ते दिसतं. इथे बोली बंद पाकिटातली. समोर किती जण आहेत कळत नाही, आणि शेजारच्यानं किती टाकले हे तो खुर्चीत पाय पसरून बसल्यावरही सांगत नाही. म्हणून आधी स्वतःची कमाल ठरवावी आणि तिथेच थांबावं.

अमेरिकेतल्या मावशीचे मैल

११ जुलै २०१४ ला एअर इंडिया 'स्टार अलायन्स' या विमान कंपन्यांच्या गटात गेली. त्याचा घरगुती अर्थ असा: न्यू जर्सीतल्या मावशीकडे युनायटेडचे मैल असतील किंवा सिंगापूरच्या भाच्याकडे तिथल्या विमान कंपनीच्या क्रिसफ्लायर योजनेचे, तर त्यांतून मुंबई-दिल्ली एअर इंडियाचं तिकीट निघू शकतं. युनायटेडचे मैल २०१९ पासून मुदतबाह्य होत नाहीत, त्यामुळे मावशीला घाई नसते. सिंगापूरवाल्या भाच्याला मात्र आधी तुमचं नाव आपल्या मोजक्या नामनिर्देशितांत घालावं लागेल. मावशी येताना बदाम-चॉकलेटं आणतेच. पुढच्या वेळी फोनवर हळूच विचारून पाहा, 'मावशी, मैल पडून आहेत का गं?'

साहेबांचे मैल सरकारचे

केंद्र सरकारच्या कामासाठी केलेल्या विमानप्रवासाचे मैल साहेबांच्या खासगी सहलीसाठी नसतात. ते पुन्हा सरकारी दौऱ्यालाच वापरायचे असा नियम आहे. जर्मनीत २००२ मध्ये याच कारणावरून वादळ उठलं. खासदारकीच्या दौऱ्यांतले मैल खासगी प्रवासाला वापरले म्हणून ग्रेगोर गीझी आणि जेम ओझदेमिर यांना पदांवरून पायउतार व्हावं लागलं. आपल्याकडच्या घोटाळ्यांच्या आकड्यांपुढे हे वाचून कुणालाही गलबलून यावं.

घाटाचा भत्ता

आता आपला खास हिशेब. मुंबईहून सकाळी सातचं विमान म्हणजे नाशिकहून रात्री दीडला निघणं. इगतपुरी-आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि इगतपुरीच्या सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यानं कसाऱ्याची वळणं वाचली. पण झोप काही वाचली नाही. म्हणून अंधेरीच्या माणसाला लाउंज म्हणजे चैन, नाशिककराला ती गरज. पहाटे पाचला गरम उपमा, धुतलेलं तोंड आणि पाठ टेकायला खुर्ची. परतीला बॅग आधी बाहेर आली, तर नाशिकची शेअर टॅक्सी पकडता येते. दोन तासांच्या उड्डाणासाठी बिझनेस कशाला, असं मुंबईकर विचारतो. आपलं उड्डाण दोन तासांचं असतं, प्रवास साडेसात तासांचा.

शेवटी पुन्हा चाळ

मी स्वतः एका कंपनीचे नऊ हजारांवर पॉइंट तीन वर्षं जपले. युरोपला जाऊ, तेव्हा वापरू म्हणून. एका सकाळी बघतो तर शिल्लक शून्य. मुदतीचा मेल आला होता, तो जाहिरातींच्या ढिगात पडून होता. घरात हसं झालं ते वेगळंच. आमच्या निफाडच्या काकांनी त्यावर एकच प्रश्न विचारला, 'चाळीत कांदा टाकल्यावर आठवड्याला उकरून बघतोस ना? मग हे का नाही बघितलं?'

तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला मी मैल उकरून बघतो. मुदत कधीची, शिल्लक किती, दिल्लीची मधल्या आठवड्यातली खुर्ची मोकळी आहे का. २०२७ च्या ऑगस्टमध्ये सिंहस्थाचं पहिलं अमृतस्नान आहे. जग नाशिककडे येईल आणि तिकिटं कडाडतील. खुर्ची वेळेत धरून ठेवली, तर रोखीचा भाव चढतो तेव्हाच मैल कामाला येतात. दिल्लीच्या मेहुण्याला आणायचं तर तेव्हाच. युरोपचं पुढचं पुढे. यंदा काकांना पडद्यापुढच्या खुर्चीत बसवून दिल्ली दाखवायची आहे. त्यांनी एवढंच विचारलंय, तिथे पाय पसरले तर चालतं ना.