पुण्याचे प्रकाशवेत्ते : कावसजी नायगमवाला

परवा मेहरूण तलावाकाठी दुर्बिणीतून मृग नक्षत्रातील तेजोमेघ दाखवीत असता, हा कशाचा बनला आहे हे इतक्या दुरून ओळखतात तरी कसे, असे एका मुलाने विचारले. त्यास उद्देशून, याच तेजोमेघाचा प्रकाश तपासणाऱ्या नायगमवालांविषयी हा मजकूर.

मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातील अध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७–१९३८) यांस भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांनी ५,००० रुपये दिले, तितकीच रक्कम सरकारने मंजूर केली, आणि १८८८ मध्ये पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, वेधशाळा उभी राहिली.

लोलकातून पसरलेल्या प्रकाशात, म्हणजे वर्णपटात, प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक रेषांनी ओळखू येते. या तेजोमेघाची ठळक हिरवट रेषा म्हणजे मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कडा होय, असे लॉकियरसारख्या दबदब्याच्या शास्त्रज्ञाचे मत असता, ती रेषा सदैव रेखीवच दिसते, पट्ट्यासारखी पसरट नव्हे, असे नायगमवालांनी १८९१ मध्ये निर्भीडपणे मांडले. (ती ऑक्सिजनची, हे बोवेन यांनी १९२७ मध्ये दाखविले.)

२२ जानेवारी १८९८ चे सूर्यग्रहण आपल्या खानदेशात खंडग्रासच होते. सोलापूरकडील जेऊरला मात्र ते खग्रास दिसले, आणि तेथे नायगमवालांनी सूर्याचे वर्णपट टिपले.

१९१२ मध्ये ते सेवानिवृत्त होताच वेधशाळा बंद झाली व दुर्बिणीची रवानगी कोडाईकनालला झाली. पुण्याने हे मुकाट्याने सोसले, याचे मला नवल वाटते.

जुन्या सीडीपासून घरच्या घरी वर्णपटदर्शक कसा करावा, हे ज्यांस हवे असेल त्यांनी खुशाल विचारावे.