एका फटीची करामत

वरातीच्या बँडमधला वाकड्या मानेचा सॅक्सोफोन तुम्ही पाहिला असेल. कोल्हापूरच्या शाहूपुरीतून वरात चालली असली, तर ड्रमच्या दणदणाटातही त्याचा सूर वेगळा ओळखू येतो. वाद्य पितळेचे, पण त्याची गणना होते क्लॅरिनेटच्या कुळात! असे का बरे?

कारण त्याचा सूर जन्मतो तो एका पातळ पट्टीपाशी. नळासारख्या गवतापासून केलेल्या या पट्टीला ‘रीड’ म्हणतात. ॲडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराने १८४६ साली पॅरिसमध्ये या वाद्याचे पेटंट घेतले. तोंडात धरायच्या भागाला, म्हणजे माउथपीसला, ही रीड घट्ट बांधतात. टोकाशी मात्र दोहोंमध्ये बारीक फट राहते. फुंकताच रीड झुकते, फट मिटू लागते, हवा अडते. लगेच रीड पुन्हा उघडते. ४४० कंपनांच्या स्वराला ही उघडझाप सेकंदाला ४४० वेळा होते!

आता समजा, तुम्हांला जॅझ वाजवायचे आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी घडवलेल्या या संगीतात स्वर वाकवावा लागतो, ड्रम-ट्रंपेटच्या बरोबरीने उमटवावा लागतो. म्हणून बरेच जॅझवादक रुंद फट पसंत करतात. पाश्चात्त्य अभिजात संगीतासाठी आल्टो सॅक्सोफोनची फट सुमारे १.७ मि.मी., तर जॅझसाठी बहुधा २ मि.मी.च्या आसपास. फरक जेमतेम एका पोस्टकार्डाच्या जाडीएवढा!

मग सर्वांत रुंद माउथपीसच घ्यावा का? नाही. रुंद फटीत रीडला हलायला वाव मिळतो, पण ओठांवर ताण पडतो. नवशिक्याचे ओठ लवकर थकतात, सूर डळमळतो.

आतला आकारही महत्त्वाचा. आतले छत रीडजवळ असले, की मूळ स्वरासोबतचे वरचे बारीक स्वर ठळक होऊन आवाज धारदार येतो. पोकळी ऐसपैस असली, की तो गोलसर होतो. धातूचा माउथपीस म्हणजे धारदार आवाज, ही समजूत खरी नाही; एबोनाइटचाही तसा घडवता येतो.

शिवाय जॅझ म्हणजे नुसता मोठा आवाज नव्हे. १९५८ साली डेव्ह ब्रुबेक यांची चौकडी मुंबईत आली होती. तिच्यातील पॉल डेझमंड त्यांच्या मृदू सुरासाठीच प्रसिद्ध होते.

तेव्हा सुरुवात मध्यम फटीपासून करावी. रीड तीच, स्वर तोच, बदलायचा फक्त माउथपीस. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा प्रयोगशाळेतला नियम इथेही लागू!

सॅक्सोफोन नाही? दोन अंगठ्यांमध्ये गवताचे पाते ताणून धरा आणि फुंका. फट कमी-जास्त करा. सूर केव्हा उमटतो आणि नुसती हवा केव्हा जाते, ते तुम्हीच शोधून काढा.